कॅडबरीतली अळी, 2003: एका गाजलेल्या प्रकरणाचा अभ्यास, जरा वेगळ्या बाजूनं

2003 ची दिवाळी 25 ऑक्टोबरला होती. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुकानदारांनी माल भरून ठेवलेला, गिफ्टचे डबे काउंटरवर रचलेले, आणि नेमकं तेव्हाच मुंबईत काही गिऱ्हाइकांनी तक्रार केली की डेअरी मिल्कच्या बारमध्ये अळ्या निघाल्या. महाराष्ट्राच्या एफडीएनं (अन्न व औषध प्रशासनानं) लगेच पुण्याच्या प्लांटमध्ये बनलेला स्टॉक जप्त केला, पेपरात फोटो आले, टीव्हीवर दिवसभर तेच. कंपनी म्हणाली आमच्या कारखान्यात हे शक्यच नाही, दुकानदारांनी माल नीट ठेवला नसेल. एफडीए म्हणाली ही सबब चालणार नाही. एरवी सणासुदीला ज्या मालाची विक्री 15 टक्क्यांनी वाढायची ती त्या वेळी 30 टक्क्यांनी पडली, असे आकडे तेव्हा छापून आले होते.

पुढची गोष्ट मॅनेजमेंट शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असते. कंपनीनं प्रोजेक्ट विश्वास नावाची मोहीम काढली, जानेवारी 2004 मध्ये पॅकिंग बदललं, अमिताभ बच्चनला आणलं, लोकांचा विश्वास परत आला, टाळ्या. क्रायसिस मॅनेजमेंटच्या लेक्चरला हे प्रकरण ठरलेलं, आणि शेवटी निष्कर्षही ठरलेला, की बघा, योग्य माणूस घेतला की ब्रँड वाचतो.

मला ते इतकं सरळ वाटत नाही. या प्रकरणात मला जास्त इंटरेस्ट आहे तो मधल्या त्या काही महिन्यांत, जेव्हा महिन्याला 3 कोटी बार विकणाऱ्या कंपनीच्या अगदी मोजक्या बारमध्ये अळी निघाली होती, 99 टक्क्यांहून कितीतरी जास्त लोकांनी अळी डोळ्यांनी बघितलीच नव्हती, आणि तरी प्रत्येकाचा कॅडबरी खायचा अनुभव बदलून गेला होता. चव तीच, कोको तोच, दूध तेच. मग बदललं काय?

मानसशास्त्रात याला कन्फर्मेशन बायस म्हणतात. डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की माणूस तिच्याशी जुळणारी माहिती शोधतो, जुळते ती लगेच उचलतो, आणि जुळत नाही तिच्याकडे बघतच नाही किंवा बघून सोडून देतो. पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचा 1960 चा एक प्रयोग आहे, त्यात लोकांना 2-4-6 हे तीन आकडे दिले आणि सांगितलं की यामागचा नियम ओळखा, हवे ते आकडे देऊन तपासून बघा. बहुतेकांना वाटलं दोन-दोननं वाढतायत, म्हणून त्यांनी 8-10-12 दिलं, 20-22-24 दिलं, प्रत्येक वेळी उत्तर 'बरोबर', आणि छाती फुगवून नियम सांगितला तर तो चूक. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमानं हवेत. 1-2-50 देऊन बघायचं कितीतरी जणांना सुचलंच नाही, कारण आपलं म्हणणं खोटं पडेल असा आकडा कोण कशाला देईल. हे 2-4-6 लक्षात ठेवा, पुढे कंपनीबद्दल बोलताना लागेल, कारण यात फक्त गिऱ्हाईकच अडकतं असं नाही.

आधीचं चित्र

ऑक्टोबरच्या आधी लोकांच्या डोक्यात काय बसलेलं होतं ते बघायला हवं. भारतातल्या चॉकलेटच्या बाजारात कंपनीचा वाटा 70 टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडे तर कुठलंही चॉकलेट असो, पोरं कॅडबरीच मागणार. ठाण्यात कारखाना, आणि त्या चौकालाच लोक कॅडबरी जंक्शन म्हणतात, बसचा कंडक्टरसुद्धा तेच ओरडतो. नव्वदच्या दशकात ती क्रिकेटच्या मैदानावर नाचत घुसणाऱ्या मुलीची जाहिरात येऊन गेली, आणि चॉकलेट हे फक्त लहान मुलांचं राहिलं नाही. मग गिफ्टचे डबे आले. दर दिवाळीला भेसळीचा खवा पकडल्याच्या बातम्या येतातच, त्यामुळे मिठाईवाल्याकडच्या पेढ्यापेक्षा हे बरं, कंपनीचं आहे, पॅकबंद आहे, असं घराघरात बोललं जायचं.

आता गंमत बघा, ते पॅकबंद नव्हतंच. तेव्हाचा डेअरी मिल्कचा बार आठवत असेल तर आठवा, आत चांदी, ती नुसती दुमडलेली, आणि वर जांभळा कागद, तो सुद्धा नुसता गुंडाळून चिकटवलेला. कागद हळूच सरकवून चांदी उलगडायची, दोन तुकडे खायचे आणि परत तसंच दुमडून ठेवायचं, कुणाला कळायचं नाही (घरात भाऊ-बहीण असलेल्यांना हे तंत्र माहीत आहे). म्हणजे मुंगीला, अळीला आत जायला वाट मोकळी होती. पण 'मोठी कंपनी, स्वच्छ माल' हे चित्र इतकं पक्कं होतं की हातात धरलेलं उघडं पॅकिंगसुद्धा लोकांना बंद दिसत होतं. कधी बार पांढरट पडलेला निघाला तर 'उन्हात राहिला असेल' म्हणून लोक खाऊन टाकायचे. बायस कंपनीच्या बाजूनं चालला होता तोवर कुणाची तक्रार नव्हती, कंपनीची तर नव्हतीच नव्हती.

दुसरी गोष्ट, ऑगस्ट 2003. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं रिपोर्ट काढला की कोल्ड्रिंकच्या 12 ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले. केवढा गदारोळ झाला, संसदेत गाजलं, संयुक्त संसदीय समिती बसली, तिचे अध्यक्ष शरद पवार. म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी लोकांनी टीव्हीवर हे ऐकलं होतं की मोठ्या परदेशी कंपन्यांच्या बाटलीतही काहीबाही असतं. त्यामुळे अळीची बातमी कोऱ्या पाटीवर आली नाही. 'मोठ्या कंपन्या आपल्याला काहीही खायला घालतात' हे वाक्य आधीच हवेत होतं, अळीनं फक्त त्याला पुरावा दिला. हीच बातमी मे महिन्यात आली असती तर एवढी पेटली नसती असं माझं मत आहे, ते सिद्ध करता येणार नाही हे मान्य.

काउंटरवर काय चाललं होतं

आमच्या मामांचं डोंबिवलीत किराणा दुकान होतं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे बसायचो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूनं थोडं बघायला मिळालं. एक बाई आल्या, नेहमीच्या, बार घेऊन गेलेल्या आणि दहा मिनिटांत परत. चांदी उलगडून मामांपुढे धरली, चॉकलेटवर पांढरट राखाडी थर होता, कडेला ठिपक्यांसारखा.

"काका, हे बघा, बुरशी आलीये. लेकराच्या तोंडात जात होतं."

"ओ वहिनी, बुरशी नाही हो ती. उकाड्यानं वितळतं, रात्री परत घट्ट होतं, त्यातलं तूप वर येतं. खाऊन दाखवू का?"

"तूप कसलं! पेपरात फोटो आलाय अळीचा. पैसे द्या परत."

मामांनी खरंच एक तुकडा मोडून तोंडात टाकला. त्या बाईंचा चेहरा असा झाला की बस. वाईट वाटलं त्यांना मामांचं, पटलं मात्र काडीचंही नाही. पैसे दिले, बार काउंटरखाली गेला.

मामा बरोबर होते. चॉकलेटमधलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, आणि ऑक्टोबर हीटमध्ये पत्र्याच्या शेडखालच्या दुकानात दुपारी तेवढं तापमान सहज होतं. वितळलेलं कोको बटर नंतर आपल्या मर्जीनं गोठलं की त्याचे स्फटिक वेगळ्या पद्धतीनं बसतात आणि पृष्ठभागावर पांढरट थर येतो, त्याला फॅट ब्लूम म्हणतात. फ्रीजमधून सारखं आत-बाहेर केलं की ओल धरते, साखर विरघळून वर येते आणि सुकली की पांढरी दिसते, तो शुगर ब्लूम. दोन्हींनी तब्येतीला काही होत नाही, चव आणि पोत थोडा बिघडतो एवढंच. पण दिसायला? दिसायला बुरशीसारखंच, आणि ज्याच्या डोक्यात अळी आहे त्याला ठिपक्यांत अंडी पण दिसतात.

हाच पांढरा थर सप्टेंबरमध्ये 'उन्हात राहिला असेल' होता. ऑक्टोबरमध्ये तो पुरावा झाला.

यावर एक जुना पण फार कामाचा अभ्यास आहे, स्टीफन होक आणि यंग-वॉन हा या दोघांचा, 1986 चा. त्यांनी बघितलं की जाहिरात वाचल्यावर माणूस वस्तू स्वतः तपासतो तेव्हा जाहिरातीचा किती परिणाम राहतो. कागदी टॉवेल घेतले, तिथे काही परिणाम नाही, कारण टॉवेल पाणी शोषतो की नाही ते समोर दिसतं. पोलो शर्ट घेतले, तिथे मात्र मोठा परिणाम, कारण शर्टाचा 'दर्जा' हात लावून नक्की कळत नाही, मग माणूस तपासतो खरा, पण जाहिरातीनं सांगितलेलंच शोधतो आणि त्याला ते सापडतं. म्हणजे अनुभव जेवढा मोघम तेवढी आधीच्या माहितीची त्याच्यावर हुकूमत जास्त.

आता हे चॉकलेटला लावा. प्रत्यक्ष अळी दिसली तर तो टॉवेल, तिथे बायसचा प्रश्नच नाही, ज्यांना अळी दिसली त्यांची तक्रार शंभर टक्के खरी. पण बाकी सगळे जण पोलो शर्टवाले. पांढरट थर, किंचित खवट वाटणारा घास, कडेला उचकटलेली चांदी, एखादा भुगा. या सगळ्याला दोन अर्थ निघू शकतात आणि कुठला काढायचा ते पेपरनं आधीच ठरवून दिलेलं. शिवाय किळस ही भावना पुराव्याची वाट बघत नाही. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञानं 1986 मध्येच दाखवलं होतं की निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ सरबतात नुसतं बुडवून काढलं तरी लोक ते सरबत पीत नाहीत, निर्जंतुक आहे हे समजून-उमजूनही. मामांनी तुकडा खाऊन दाखवला तेव्हा मामा जंतूंबद्दल बोलत होते आणि त्या बाई किळसेबद्दल.

कंपनीचं 2-4-6

ग्राहकांच्या बायसबद्दल सगळे बोलतात. कंपनीच्या बायसबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा मूळ गाभा तिथेच आहे.

कंपनीचं पहिलं म्हणणं काय होतं? उत्पादनाच्या टप्प्यावर कीड लागणं शक्य नाही, साठवणुकीत गडबड झाली असण्याची शक्यता जास्त. आणि तांत्रिकदृष्ट्या हे बऱ्यापैकी बरोबर असणार! चॉकलेट तयार होताना कोको भाजला जातो, त्याचा लगदा गरम असतो, तिथून जिवंत अळी बाहेर येणं अवघडच. उलट किराणा दुकान म्हणजे अळ्यांचं माहेरघर. रव्याला जाळी धरते, डाळीला पोरकिडे लागतात, शेंगदाण्यात अळ्या होतात, आणि धान्यात वाढणाऱ्या काही पतंगांच्या अळ्या पातळ कागद-प्लास्टिक कुरतडून आत जातात. चॉकलेटमध्ये काजू-बदाम असले तर मग मेजवानीच. तेव्हा बहुतेक दुकानांत बार कुठे ठेवायचे? काचेच्या बरणीशेजारी नाहीतर रव्याच्या डब्याच्या फळीवर.

पण यातून कंपनीनं काय तपासलं बघा. आमचा कारखाना स्वच्छ आहे का? आहे. आमची प्रक्रिया चोख आहे का? आहे. 8-10-12, बरोबर. 20-22-24, बरोबर. जो प्रश्न विचारल्यावर उत्तर 'नाही' आलं असतं तो प्रश्न वेगळा होता, की आमचा बार डोंबिवलीतल्या रव्याच्या डब्याशेजारी ऑक्टोबर महिना काढू शकतो का? तो विचारायचं सुचलं नाही, कारण आपण चांगली कंपनी आहोत या चित्रात तो प्रश्न बसत नव्हता. दुकान ही दुकानदाराची जबाबदारी, तिथे आपला संबंध संपतो, असं धरून चाललेलं.

तेव्हाचे एफडीए आयुक्त उत्तम खोब्रागडे यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की समजा साठवणुकीत अळी शिरली, पण मग पॅकिंगचं काय, ते हवाबंद नव्हतं ना, म्हणजे कसंही फिरवा, दोष उत्पादनाचाच. आणि तेव्हाचा 1954 चा अन्न भेसळ प्रतिबंध कायदा काढून बघा, त्यात कीड लागलेला पदार्थ भेसळयुक्त या व्याख्येतच येतो, कीड कुठे लागली हा नंतरचा वाद. म्हणजे 'आमच्याकडे नाही लागली' हे कंपनीला जेवढं मोठं उत्तर वाटत होतं तेवढं ते कायद्यालाही नव्हतं.

आणि गिऱ्हाइकाच्या कानाला ते कसं लागलं? आमच्या दुकानात तर मामाच गुन्हेगार ठरले. कंपनी म्हणते दुकानदार, दुकानदार म्हणतो कंपनी. जो आधीच संशय घेऊन बसलाय त्याला दोघं एकमेकांवर ढकलताना दिसले की झालं, त्याच्या संशयाशी जुळणारी आणखी एक गोष्ट मिळाली. कंपनीचा खुलासासुद्धा त्याच्या खात्यात जमा झाला.

खुलासा का पोचत नाही

योगायोग असा की यावर जवळजवळ अशाच एका प्रकरणाचा अभ्यास झालेला आहे. 1978 च्या सुमारास अमेरिकेत अफवा उठली होती की मॅकडॉनल्ड्स हॅम्बर्गरमध्ये गांडुळं घालतं. धादांत खोटं. कंपनीनं जीव तोडून सांगितलं की आमचं मांस शंभर टक्के बीफ आहे, मालक रे क्रॉक यांनी तर हिशोबच मांडला की गांडुळं मांसापेक्षा कितीतरी महाग पडतात, परवडणारच नाहीत. तरी काही भागांत विक्री पडलीच.

मग नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या अ‍ॅलिस टायबाउट, बॉबी कॅल्डर आणि ब्रायन स्टर्नथल यांनी 1981 मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना टीव्ही कार्यक्रम दाखवला, मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या जाहिराती, आणि एकानं (तो त्यांचाच माणूस) सहज म्हटल्यासारखं ती गांडुळांची अफवा काढली. मग एका गटाला खुलासा दिला की हे खोटं आहे, सरकारी तपासणी झालीये वगैरे. दुसऱ्या गटाला सांगितलं की शिकागोतल्या एका भारी फ्रेंच हॉटेलात गांडुळांचा सॉस मिळतो आणि तो मस्त असतो. तिसऱ्या गटाला गांडुळांबद्दल काहीच नाही, फक्त विचारलं की तुम्ही कुठल्या मॅकडॉनल्ड्समध्ये जाता, ते कुठे आहे, बसायला आत जागा आहे की बाहेर. निकाल असा की खुलासा ऐकलेल्या गटाचं मत नुसती अफवा ऐकलेल्या लोकांइतकंच वाईट राहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं मत सुधारलं.

कारण खुलासा करताना 'मॅकडॉनल्ड्स' आणि 'गांडूळ' हे दोन शब्द पुन्हा एकदा शेजारी बसतात. डोकं 'नाही' विसरतं आणि जोडी लक्षात ठेवतं. आणि तिसऱ्या गटाला काय मिळालं, तर त्यांना स्वतःच्या डोक्यातली दुसरी माहिती बाहेर काढायला लावली, आपली नेहमीची जागा, खिडकीजवळचं टेबल, असं काहीतरी.

आपल्या केसमध्ये फरक मोठा आहे हे विसरून चालणार नाही. मॅकडॉनल्ड्सची गोष्ट अफवा होती, इथे अळ्या खरोखर सापडल्या होत्या. त्यामुळे विषय बदलून सुटका नव्हती, काहीतरी करून दाखवणं भाग होतं. हे जे लोक प्रकरणाला नुसतं 'पीआर केस' म्हणून शिकवतात ना, ते हा फरक गाळतात.

मग काय केलं

दिवाळीनंतर साधारण दीड महिना कंपनीच्या जाहिराती टीव्हीवर नव्हत्या. हे मला शहाणपणाचं वाटतं, मुद्दाम केलेलं असो वा नसो. त्या दिवसांत आनंदी चेहऱ्यानं चॉकलेट खाणारी पोरं दाखवली असती तर लोकांनी त्यातही अळीच बघितली असती.

त्या काळात प्रोजेक्ट विश्वास चाललं होतं, 1 लाख 90 हजार दुकानदारांपर्यंत पोचायचं, माल कसा ठेवायचा ते शिकवायचं. मोठ्या खोक्यात 60 बार यायचे ते 22 वर आणले, म्हणजे छोट्या दुकानात माल पडून राहू नये. हे काम दिसत नाही, त्याचं श्रेयही कुणी देत नाही. मामांकडेही कंपनीचा माणूस आला होता, फळी बघून गेला, रव्याचा डबा लांब ठेवा म्हणाला. मामा त्याच्यावर जाम उखडले होते आधी, कारण पेपरात दुकानदारांवर ढकललेलं ताजं होतं, पण डबा हलवला.

आणि जानेवारी 2004 मध्ये पॅकिंग. बाहेरून मशिनरी आणली, 15 कोटींपर्यंत खर्च, काम दोन महिन्यांत. आतली चांदी आता उष्णतेनं सील केलेली आणि वरून धातूचा थर असलेलं पॉलीफ्लो रॅपर, सगळीकडून बंद. हे पॅकिंग 10 ते 15 टक्के महाग पडत होतं, तरी बारची किंमत वाढवली नाही. तेव्हाचे एमडी भरत पुरी यांनी सांगितलं होतं की महिन्याला 3 कोटींपैकी मोजक्या बारचा प्रश्न असला तरी ग्राहकाचा विश्वास ढासळू देता येणार नाही.

माझं म्हणणं असं की या रॅपरनं जे केलं ते कुठल्याच खुलाशानं झालं नसतं. नवीन बार हातात घेतला की तो वेगळा वाजायचा, चुरचुर. दोन्ही टोकांना दातेरी कड, ती फाडल्याशिवाय आत जाता यायचं नाही, आणि एकदा फाडली की परत पहिल्यासारखी होत नाही. म्हणजे आता गिऱ्हाइकाच्या हातात एक तपासणी आली, कागदी टॉवेलसारखी, जिचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं. सील शाबूत आहे की नाही? आहे. मग ठीक. संशयी माणसाला तुम्ही 'संशय घेऊ नका' म्हणून उपयोग नसतो, त्याला संशय घ्यायला एक नेमकी जागा द्यायची, आणि तिथे त्याला दर वेळी स्वतःच्या हातानं 'नाही, गडबड काही नाही' हे उत्तर मिळालं पाहिजे. त्या बाई नंतरही दुकानात यायच्या. काउंटरवर उभं राहून बार दोन्ही टोकांनी दाबून बघायच्या, हवा निघते का, आणि मग पिशवीत टाकायच्या. मामांना एक शब्द बोलावा लागायचा नाही.

पांढरा थर नवीन रॅपरमध्येही येत होताच, उकाडा काही बदलला नव्हता. पण सील शाबूत असल्यावर तो पुन्हा 'उन्हात राहिला असेल' व्हायला लागला.

आणि बच्चनसाहेब?

अमिताभ बच्चन जाहिरातीत कारखान्यात जातात, सगळं बघतात, शेवटी चॉकलेट खातात. 2000 पासून कौन बनेगा करोडपतीमुळे घराघरात रोज बसलेला माणूस, पोलिओच्या डोसाला हाच माणूस दटावून पाठवत होता, त्यामुळे निवड चोख होती यात वाद नाही. जाहिरातीचा खर्चही जानेवारी ते मार्च 2004 च्या तिमाहीत 15 टक्क्यांनी वाढवला. मे 2004 पर्यंत विक्री सावरू लागली.

पण श्रेय कुणाचं हे आपण कशावरून ठरवतो? पॅकिंग, जाहिरात, दुकानदारांचं प्रशिक्षण, छोटी खोकी, आणि पेपरांनी विषय सोडून दिला ही पाचवी गोष्ट, हे सगळं एकाच सुमारास झालं. वेगवेगळं मोजायचं तर काही राज्यांत आधी नुसतं रॅपर आणि काही राज्यांत आधी नुसती जाहिरात असं करायला हवं होतं, आणि आग लागलेली असताना असलं कोण करतं, करूही नये. तरी वर्गात सांगताना गोष्ट बच्चनवर येऊन थांबते. कारण 'मोठ्या माणसानं सांगितलं आणि लोकांनी ऐकलं' हे आपल्याला आधीच माहीत असलेलं कथानक आहे, त्यात बसणारा तुकडा आपण उचलला आणि रॅपरच्या मशीनचे 15 कोटी तळटीपेत गेले. कन्फर्मेशन बायस शिकवायच्या केसवरच कन्फर्मेशन बायस बसलाय, काय बोलायचं.

माझा कौल रॅपरला. कारण साधं आहे, बच्चनची जाहिरात काही महिन्यांनी संपली पण रॅपर आजतागायत आहे, आणि मामांसारख्या खऱ्या माणसानं खाऊन दाखवलेलं ज्यांना पटलं नाही त्यांना टीव्हीतल्या माणसानं खाऊन दाखवलेलं एकट्यानं पटलं असेल असं मला वाटत नाही. जाहिरातीनं फार तर एवढं केलं की माणूस परत काउंटरपर्यंत आला. हातात घेतल्यावरचं काम रॅपरचं.

ज्यांचं रोजचं काम कस्टमर केअरचं आहे त्यांच्यासाठी यातली एक बारीक गोष्ट. आजही तक्रारीचा फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'तुम्ही ते कुठे ठेवलं होतं?' असाच येतो. प्रश्न तांत्रिकदृष्ट्या योग्य असतो. पण ऐकणाऱ्याला तो 'चूक तुमची' असा लागतो, आणि त्यानंतरचं प्रत्येक वाक्य तो त्याच अर्थानं ऐकतो, बदली माल मिळाला तरी 'गप्प बसवायला दिला' असं म्हणतो. तोच प्रश्न तिसरा विचारला, आधी वस्तू बदलून दिली, फोटो मागवला, आणि मग साठवणीचं विचारलं, तर माहिती तेवढीच मिळते आणि भांडण होत नाही. स्क्रिप्टमधल्या ओळींचा क्रम बदलायचा, बाकी काही खर्च नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये हैदराबादला एका ग्राहकानं मेट्रो स्टेशनवरच्या दुकानातून घेतलेल्या डेअरी मिल्कमध्ये अळी असल्याचा व्हिडिओ टाकला. कंपनीचं उत्तर आलं, आम्ही सर्वोच्च दर्जा राखायचा प्रयत्न करतो, तुम्हाला आलेल्या अनुभवाबद्दल खेद आहे, नाव-पत्ता-तपशील मेलवर पाठवा. नंतर तेलंगणाच्या सरकारी प्रयोगशाळेनं नमुने तपासून ते खायला असुरक्षित असल्याचं सांगितलं. 2003 ला पेपरवाले बातमी छापेपर्यंत निदान एक रात्र मिळायची. आता व्हिडिओखालीच लोक आपापल्या पांढरट पडलेल्या बारचे फोटो टाकू शकतात, आणि त्यातला कुठला ब्लूम आणि कुठली खरी कीड हे फोटोवरून ओळखायला कंपनीच्या माणसालाही जड जाईल.